मुंबई ते न्यूयॉर्क, मॉस्कोवरून

मुंबईहून न्यूयॉर्कला जाण्याची सर्वांत जवळची वाट पश्चिमेकडे जातच नाही. ती उत्तर दिशेपासून जेमतेम २७ अंश पश्चिमेला झुकलेली आहे. सौराष्ट्र, कच्छ, सिंध, बलुचिस्तान असे करत ती अफगाणिस्तानात शिरते. तुर्कमेनिस्तान आणि कझाकस्तान मागे टाकून ती जवळजवळ मॉस्कोच्या माथ्यावरून जाते. पुढे सेंट पीटर्सबर्ग उजव्या हाताला राहते, हेलसिंकी डाव्या हाताला. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमजवळून समुद्रावर आलेली ही वाट आइसलँडच्या पूर्वेला सुमारे ६५ अंश उत्तर अक्षांश गाठते. मग ती खाली उतरू लागते, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला जवळजवळ स्पर्श करते आणि कॅनडातल्या लॅब्राडोरवरून न्यूयॉर्कला पोहोचते. एकूण अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. मुंबई १९ अंशांवर, न्यूयॉर्क ४१ अंशांच्या किंचित खाली, आणि त्यांना जोडणारा सर्वांत छोटा रस्ता मात्र उत्तर ध्रुववृत्ताच्या उंबऱ्यापर्यंत चढून येतो.

शाळेच्या भिंतीवरच्या नकाशावर हे कुठेच दिसत नाही. तिथे मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये पट्टी धरून रेघ ओढली तर ती सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया आणि अल्जीरिया ओलांडून मोरोक्कोतल्या माराकेशजवळून पुढे अटलांटिक गाठते. रेघ अगदी सरळ दिसते, पण तिच्यावरून विमान नेले तर सुमारे १४,२०० किलोमीटर भरतील, म्हणजे १,७०० किलोमीटर जास्त. दोष पट्टीचा नाही आणि नकाशा काढणाऱ्याचाही नाही. गेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये ही नकाशापद्धत आणली ती दर्यावर्दींसाठी. होकायंत्राचा काटा एकाच कोनावर धरून जहाज हाकायचे, तर त्या प्रवासाची रेघ कागदावर सरळ यावी, एवढेच त्याला साधायचे होते आणि ते त्याने उत्तम साधले. किमतीदाखल ध्रुवांकडचा प्रदेश ताणला गेला. ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसू लागला आणि पुढच्या अनेक पिढ्यांची अंतराची समजही तशीच ताणलेली राहिली.

ज्याला खरे अंतर डोळ्यांनी पाहायचे आहे त्याने पृथ्वीगोल घ्यावा आणि एक दोरा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. मुंबईवर दोऱ्याचे एक टोक दाबून दुसरे न्यूयॉर्कवर ताणले की दोरा आपोआप रशियाकडे सरकतो आणि साडेएकोणतीस सेंटिमीटरांत बसतो. ताणलेला दोरा ज्या वर्तुळावर पडतो त्याला बृहद्वृत्त म्हणतात. गोलाचे बरोबर दोन समान भाग करणारे हे वर्तुळ असते आणि त्याचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी जुळतो. विषुववृत्त हे असेच एक बृहद्वृत्त. गोलावरच्या कोणत्याही दोन ठिकाणांमधला सर्वांत छोटा रस्ता अशाच एखाद्या वर्तुळाचा तुकडा असतो. दोन विमानतळांमधले अंतर मोजण्याच्या साऱ्या विद्येचा पाया इथे आहे.

गणित करायला फक्त चार आकडे लागतात, दोन अक्षांश आणि दोन रेखांश. जहाजांवरचे अधिकारी हे गणित लॉगॅरिथमच्या कोष्टकांवरून करत. त्यात उणे चिन्हे आली की चुका होत. म्हणून अर्ध्या उत्क्रमज्येचा (एक वजा कोज्या, त्याच्या निम्म्याचा) वापर सोयीचा ठरला, कारण ती कधीच ऋण होत नाही. जेम्स इनमन या ब्रिटिश शिक्षकाने १८३५ मध्ये आपल्या नौकानयनाच्या पुस्तकात तिला ‘हॅव्हरसाइन’ हे नाव दिले. आज मोबाइलमधली अनेक साधी अंतरमापके तिच्यावर बेतलेल्या सूत्रावर चालतात. उत्क्रमज्या मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे. ‘सूर्यसिद्धान्ता’त तिची मूल्ये दिलेली आहेत आणि भारतीय ज्योतिषी ग्रहगणितात ती शेकडो वर्षे वापरत होते.

हॅव्हरसाइनच्या सूत्रात पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरतात, आणि इथूनच विषय खोल होत जातो. पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या सुमारे ६,३७८ किलोमीटर, ध्रुवापाशी सुमारे ६,३५७. एकवीस किलोमीटरांचा हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण गोल धरून काढलेले अंतर त्यामुळे अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकू शकते. मुंबई–न्यूयॉर्कएवढ्या पल्ल्यावर अर्धा टक्का म्हणजे साठेक किलोमीटर.

पृथ्वी नेमकी किती चपटी आहे, हे शोधण्याच्या कामातला एक मोठा अध्याय भारतात लिहिला गेला आणि त्याची एक खूण महाराष्ट्रात आहे. विल्यम लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. सुमारे अर्धा टन वजनाचा, कोन मोजणारा थिओडोलाइट डोंगरमाथ्यांवर, मंदिरांच्या गोपुरांवर चढवत, त्रिकोणाला त्रिकोण जोडत हे काम दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत गेले. वीस वर्षांनंतर ते विदर्भात पोहोचले असताना, २० जानेवारी १८२३ रोजी, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे लॅम्टनचा मृत्यू झाला. त्याची कबर तिथेच आहे. त्याचे काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेले आणि १८३० मध्ये या मोजणीवर आधारलेला पृथ्वीचा आकार मांडला. भारत आणि आसपासच्या देशांचे नकाशे दीडशे वर्षांहून अधिक काळ त्याच ‘एव्हरेस्ट’ आकारावर बेतले जात होते. हिंगणघाटच्या त्या कबरीचा नागपूरहून उडणाऱ्या विमानांशी असलेला हा संबंध शाळेतल्या भूगोलाच्या तासाला सांगितला जायला हवा. तो सांगितला जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

एव्हरेस्टचा आकार भारतापुरता नेमका बसत होता. जगाला जोडणाऱ्या विमानांना असा प्रादेशिक आकार पुरत नाही. एका देशाच्या नकाशावरचा अक्षांश आणि शेजारच्या देशाच्या नकाशावरचा तोच अक्षांश यांच्यात काहीशे मीटरांची तफावत पडू शकते, आणि धावपट्टी शोधणाऱ्या विमानासाठी काहीशे मीटर फार होतात. म्हणून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे इकाओने, १ जानेवारी १९९८ पासून सर्व देशांच्या विमानतळांचे निर्देशांक एकाच मानकात देण्याचा नियम लागू केला. ते मानक डब्ल्यूजीएस-८४. जीपीएस त्यावरच चालते.

या चपट्या पृथ्वीवर अंतर काढण्याची उत्तम पद्धत थॅडियस व्हिन्सेंटी यांनी १९७५ मध्ये दिली. तिची अचूकता मिलिमीटरच्याही आत आहे. एकच अडचण होती. दोन ठिकाणे पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांना असली की गणित फिरत राहते आणि उत्तरावर स्थिरावत नाही. मुंबईच्या बरोबर विरुद्ध टोकाला पॅसिफिक महासागर आहे, ईस्टर बेटाच्या उत्तरेला, जिथे विमानतळ नाही. माद्रिद आणि वेलिंग्टन ही जोडी मात्र अशा अडचणीच्या अगदी जवळ जाते. चार्ल्स कार्नी यांनी २०१३ मध्ये ही उणीवही भरून काढली. म्हणजे भूमिती म्हणून पाहिले तर हा प्रश्न सुटलेला आहे. जगातल्या कोणत्याही दोन बिंदूंमधले अंतर आज कोणत्याही विमानाला लागेल त्याहून लक्षावधी पट नेमके सांगता येते.

पण बिंदू कोणते? विमानतळ हा बिंदू नसतो, ती शेकडो हेक्टर जमीन असते. म्हणून प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरवलेला असतो. तो बहुधा धावपट्ट्यांच्या रचनेच्या मध्याजवळ असतो आणि देशाच्या अधिकृत वैमानिकी माहितीपुस्तकात छापलेला असतो. भारतात हे काम भारतीय विमानतळ प्राधिकरण करते. तिकिटावर किंवा कोष्टकात दिसणारे अंतर या दोन संदर्भबिंदूंमधले असते. प्रवासी ज्या दारातून विमानात चढतो किंवा धावपट्टीच्या ज्या टोकावरून विमान उठते तिथून ते मोजलेले नसते. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि मुंबई महानगराला दुसरा संदर्भबिंदू मिळाला. सांताक्रूझच्या जुन्या बिंदूपासून तो सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरवर आहे. ‘मुंबई ते लंडन किती?’ या प्रश्नाला आता दोन बरोबर उत्तरे आहेत.

आकड्यामागचे एकक पाहण्याची सवयही हवी. वैमानिक सागरी मैलात बोलतात. तो १,८५२ मीटरचा आणि मुळात अक्षांशाच्या एका मिनिटावरून ठरलेला, म्हणून नकाशावरून थेट वाचता येणारा. अमेरिकी बातम्यांतला मैल १,६०९ मीटरचा. भाषांतराच्या घाईत एकाचा दुसरा झाला की लांब पल्ल्याच्या उड्डाणात दीड-दोन हजार किलोमीटरांचा घोळ होतो. विमानकंपन्यांच्या पत्रकांवरून केलेल्या मराठी बातम्यांत असे घोळ सापडतात.

या नेमक्या, कागदावरच्या अंतराला कायद्यात फार वजन आहे. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियम क्रमांक २६१ नुसार उड्डाण रद्द झाले किंवा फार उशीर झाला तर प्रवाशाला मिळणारी भरपाई अंतरावर ठरते. १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, त्यापुढे सर्वसाधारणपणे ३,५०० पर्यंत ४०० युरो, आणि त्याहून लांब पल्ल्याला ६०० युरो. अंतर बृहद्वृत्तानेच मोजायचे, असे नियमातच लिहिले आहे. यावरून एक खटला युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. प्रवासी रोमहून ब्रसेल्समार्गे हॅम्बुर्गला निघाले होते आणि त्यांना उशीर झाला. रोम–हॅम्बुर्ग थेट अंतर १,३२६ किलोमीटर, पण ब्रसेल्सवरून दोन तुकड्यांची बेरीज केली तर १,६५६. पहिला आकडा धरला तर २५० युरो, दुसरा धरला तर ४००. सप्टेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, पहिले ठिकाण आणि शेवटचे ठिकाण यांच्यामधले थेट अंतरच धरायचे. विमान कुठून फिरवून नेले याला महत्त्व नाही, कारण उशिराचा त्रास फिरवल्यामुळे वाढत नाही.

ब्रिटनने याहून सोपी वाट घेतली. तिथला हवाई प्रवासी कर अंतराच्या टप्प्यांवर आकारतात, पण ते अंतर लंडनपासून प्रवासी जातो त्या देशाच्या राजधानीपर्यंतचे असते. लंडनहून मुंबईला निघालेल्या प्रवाशाचा कर दिल्लीच्या अंतरावर ठरतो. प्रशासनाला हे सोयीचे आहे, यात शंका नाही. पण इतका मोठा देश एका बिंदूत कोंबणे भूगोलाला न्याय देणारे नाही.

आतापर्यंतची सारी चर्चा जमिनीवरची. आकाशात गेल्यावर चित्र पुष्कळच बदलते. अकरा किलोमीटर उंचीवरून उडणाऱ्या विमानाचे वर्तुळ पृथ्वीच्या वर्तुळापेक्षा मोठे असते, पण त्याने मुंबई–न्यूयॉर्क प्रवासात भर पडते ती जेमतेम बावीस किलोमीटरांची. ती विसरली तरी चालेल. वारा मात्र विसरून चालत नाही.

दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. या दोन विमानतळांमधले बृहद्वृत्तीय अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर. ही रेषा लडाख, तिबेटच्या पठाराचा पश्चिम भाग आणि शिनजियांगवरून सैबेरियात जाते. तिच्यावरून जायला विमाने कचरतात. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला दहा हजार फुटांपर्यंत खाली यावे लागते, आणि तिथे खाली जमीनच त्याहून उंच आहे. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये ही सेवा सुरू केली तेव्हा विमान अटलांटिकवरून जात असे, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेच विमान उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून नेण्यात आले. अंतर झाले सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त. आणि वेळ? साडेचौदा तास, पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास कमी. अटलांटिकच्या वाटेवर वारा समोरून लागत होता, पॅसिफिकवर तो पाठीशी आला.

हे वारे उंच आकाशातून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि कधी कधी ताशी ३०० किलोमीटरही ओलांडतात. जपानी हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून ते मोजले होते. आपले निष्कर्ष त्यांनी १९२६ मध्ये एस्पेरान्तो भाषेत प्रसिद्ध केले. बाहेरच्या जगाने ते वाचलेच नाहीत. आज अटलांटिकवरच्या विमानमार्गांची आखणी दिवसातून दोनदा नव्याने होते ती या वाऱ्यांचा अंदाज पाहून. ९ फेब्रुवारी २०२० रोजी किआरा वादळाच्या वाऱ्यावर ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. एरवी याला सहा तासांहून अधिक लागतात. अंतर तेच होते.

वाऱ्याचा अंदाज बांधता येतो. सरकारांचा बांधणे अवघड. मुंबई–न्यूयॉर्कच्या त्या सुंदर रेषेवर लागणारा पहिला परदेश पाकिस्तान आहे आणि सर्वांत लांब पट्टा रशियाचा. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटवरच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने आपले आकाश बंद केले ते जुलैच्या मध्यापर्यंत. २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाला त्यापायी ४९१ कोटी रुपयांचा भुर्दंड पडल्याचे सरकारने संसदेत सांगितले. २४ एप्रिल २०२५ रोजी हे आकाश भारतीय विमानांना पुन्हा बंद झाले. इंडिगोला अल्माटी आणि ताश्कंदची उड्डाणे थांबवावी लागली, कारण वळसा घातल्यावर ही शहरे तिच्या विमानांच्या पल्ल्याबाहेर गेली. दिल्ली ते ताश्कंद सरळ अंतर १,६०० किलोमीटरही नाही. उत्तर अमेरिकेची काही विमाने इंधनासाठी व्हिएन्नासारख्या शहरांत उतरू लागली. १ सप्टेंबर २०२५ पासून एअर इंडियाने दिल्ली–वॉशिंग्टन सेवा स्थगित केली. त्यासाठी दिलेल्या कारणांत विमानांच्या कमतरतेबरोबर हे बंद आकाशही होते.

फिनलंडची गोष्ट याहून कठोर आहे. हेलसिंकीहून टोकियोला सैबेरियावरून साडेनऊ तासांत नेणे, यावर फिनएअरने आपला बराचसा व्यवसाय उभा केला होता. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर २०२२ मध्ये रशियाचे आकाश बंद झाले आणि तेच विमान उत्तर ध्रुवावरून, सुमारे तेरा तासांत जाऊ लागले. दोन्ही विमानतळ जागचे हलले नव्हते. कोष्टकातले अंतरही जुनेच छापले जात होते.

प्रदूषणाचा हिशेब करताना हा फरक डोळ्याआड करणे परवडणारे नाही. इकाओच्या कार्बन मोजणीत बृहद्वृत्तीय अंतरात एक ठरलेली भर घालतात. ५५० किलोमीटरच्या आत ५० किलोमीटर, ५,५०० पर्यंत १०० आणि त्यापुढे १२५. धावपट्टीभोवतीची वळणे, उतरण्यापूर्वीच्या घिरट्या आणि हवामानामुळे घातलेले वळसे यासाठी ही दुरुस्ती समजण्यासारखी आहे. पण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोसारख्या मार्गावर प्रत्यक्ष उड्डाण सरळ अंतराहून दीड ते तीन हजार किलोमीटरांनी मोठे असताना १२५ ची भर अपुरीच पडते. अशा मार्गांवर प्रत्यक्ष उडालेले अंतरच हिशेबात धरायला हवे, आणि ते मिळवणे आज अवघड नाही. विमान दर काही सेकंदांनी आपले स्थान प्रक्षेपित करत असते.

जगातले सर्वांत लांब नियमित उड्डाण सिंगापूर–न्यूयॉर्क मानले जाते, १५,३४९ किलोमीटर. विक्रमांच्या यादीत हा आकडा आहे तो बृहद्वृत्ताचा. विमान प्रत्यक्षात कोणत्या वाटेने जाते हे त्या दिवशीचे वारे ठरवतात, आणि वाट कधी पॅसिफिकवरची असते, कधी अटलांटिकवरची. यादीसाठी एकच मोजपट्टी हवी, म्हणून हे योग्यच आहे. २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोला ‘जगातले सर्वांत लांब’ म्हटले गेले ते उडालेल्या अंतराच्या जोरावर, आणि सरळ अंतरात त्याच्या पुढे कितीतरी उड्डाणे होती. दोन्ही दावे आपापल्या मापाने खरे होते, वाचकाला मात्र माप सांगितले गेले नव्हते.

पुढच्या पानांत वाचकाला बरीच अंतरे भेटतील, आणि प्रत्येकापुढे ते भूगोलाचे आहे की उड्डाणाचे, किलोमीटरचे की सागरी मैलाचे, हे लिहिलेले सापडेल. विमानकंपन्यांनी आणि वृत्तपत्रांनीही एवढे करावे. तिकिटावर दोन आकडे छापायला जागा पुष्कळ असते.